ऑकलंड जवळ, मंगरूळपीर लांब

ऑकलंड शेलूबाजारपासून किती लांब आहे याची प्रयागबाईंकडे चार मापं होती, आणि चारही एकाच माणसाने दिलेली. तो माणूस म्हणजे त्यांचा पोटचा मुलगा मुकेश. एकाच मालाची चार वजनं सांगणारा व्यापारी जन्मभर भाजी विकलेल्या बाईला लांबून ओळखू येतो. पण पोरगा बोलायला लागला की बाई काट्याकडे बघत नाही, तोंडाकडे बघते.

पहिलं माप चौदा तासांचं. दहा वर्षांपूर्वी मुकेशला न्यूझीलंडात नोकरी लागली तेव्हा दौलतराव जिवंत होते आणि त्यांची छाती फुगलेली होती. त्यांनी जीपस्टँडवर फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर काळा चष्मा घातलेला मुकेश, त्याच्या मागे विमान, आणि खाली गावातल्या अकरा शुभेच्छुकांचे फोटो. त्या अकरांपैकी एकानेही मुकेशची बॅगसुद्धा उचलली नव्हती. विमान इतकं खाली छापलं होतं की ते आता लखीरामच्या जीपवर उतरतं की काय असं वाटे. मुकेश फ्लेक्सखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "बारा हजार किलोमीटर. ताशी नऊशेचा स्पीड. भागाकार करा. चौदा तासांच्या आत माणूस तिकडं." तेव्हा ऑकलंड जवळ होतं, कारण जायचं होतं.

दुसरं माप तीन दिवसांचं. सहा वर्षांनी दौलतरावांना लकवा मारला, अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं, आणि एका बाजूचं तोंड वाकडं झालेला तो माणूस दुसऱ्या बाजूने मुकेशचं नाव घ्यायला लागला. प्रयागबाईंनी फोन केला. मुकेश म्हणाला, "आई, तीन दिवस लागतात पोहोचायला. मधी दोनदा विमान बदलावं लागतं. तोवर बाबा बरे होऊन घरीही येतील." दौलतराव अकरा दिवस पडून होते. अकरा दिवसांत तीन दिवसांचा प्रवास किती वेळा होतो, तो भागाकार मुकेशने काही केला नाही.

तिसरं माप चार दिवसांचं, कारण माणूस मेल्यावर रस्ता एका दिवसाने वाढला. "चार दिवस बॉडी ठेवता येणार नाही," असं त्याने स्वतःच सांगून टाकलं. पुतण्या विकासने अग्नी दिला. लेकीची लेक वैभवी तेव्हा दहावीत होती. तिने मोबाईल हातात धरून मामाला सगळं दाखवलं. मामा तिकडून सांगत होता, "जरा वर धर. धुरामुळं आईचा चेहरा दिसत नाही." पोरीचा हात भरून आला, पण तिने वर धरला.

चौथं माप तेरवीचं. येण्या-जाण्यातच आठवडा जातो, म्हणाला. फोटोला हार मात्र मोठा घाला, तोही म्हणाला.

प्रयागबाईंनी चारही मापं ऐकली आणि जिथल्या तिथे ठेवली. लेकीचं, शुभांगीचं, सासर शिरपूर जैनला. ती दवाखान्याच्या अकराही दिवसांत एकदा बस, एकदा जीप करत आली. तिच्या प्रवासाला किती वेळ लागतो हे कुणी विचारलं नाही, कारण ती समोर उभी असायची.

मग शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्गावर चढायची वाट झाली, आणि त्या वाटेला लागून असलेलं प्रयागबाईंचं दोन एकरांचं वावर रातोरात सगळ्यांना दिसायला लागलं. त्या वावरात त्या तीस वर्षं मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढत होत्या. वावर दौलतरावांनी प्रयागबाईंच्याच नावावर घेतलेलं. आतापर्यंत त्याच्याकडे शेळ्या सोडून कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. प्लॉट पाडून विकणारा बबलू एक दिवस बांधावर येऊन उभा राहिला, त्याने मोबाईलवर फोटो काढला, आणि तो फोटो प्रयागबाईंना कळायच्या आधी ऑकलंडला पोहोचला.

रविवारी मुकेशचा फोन आला, "आई, येतोय." मंगळवारी संध्याकाळी पांढरी भाड्याची गाडी दारात.

गाडीतून उतरला तेव्हा विमानात झोपायची उशी त्याच्या गळ्यात तशीच होती. बैलाच्या मानेवर जू राहावं तशी ती अंगणात, ओसरीत, देवघराच्या दारापर्यंत राहिली. त्याने आईच्या पायावर हात ठेवले आणि चुंबक लावलेली एक मेंढी आईच्या हातात ठेवली. फ्रिजवर चिकटवायची असते, म्हणाला. प्रयागबाईंनी ती ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीला चिकटवली. दहा वर्षांचा ऐवज एका मेंढीत आला होता. ती पडून हरवायला नको.

"थकला असशीन," त्या म्हणाल्या. "तीन दिवस लागले न?"

"छे गं. आपल्या घड्याळाने काल दुपारी घरून निघालो. सव्वीस तास, डोअर टू डोअर. आता जग लय छोटं झालं आई."

"बाप्पा," प्रयागबाई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या. "रस्ता आखूड झाला काय?"

मुकेशने पाणी प्यायला जरा जास्तच वेळ लावला. "नवीन फ्लाइट सुरू झाली. सिंगापूरवरून."

"असं होय. चांगलं झालं."

मामाला भेटायला वैभवी वाशिमहून आली होती. ती आता तिथे कॉलेजात होती आणि मामाचं बोलणं फोनवर ऐकण्यापेक्षा समोर ऐकताना तिला जास्त मजा येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात मेथी उपटताना प्रयागबाईंनी तिला विचारलं, "वैभे, तुया मोबाईलात पाह्य बरं. नागपूरपासून ऑकलंड किती लांब हाय?"

वैभवीने मातीचे हात ओढणीला पुसले. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि वेळ सांगणारं एक पान तिने काढलं. "सरळ रेषेत अकरा हजार नऊशे किलोमीटर. न थांबता गेलं तर चौदा तास. पण सरळ विमान नाई आजी, बदलावं लागते. समदं धरून चोवीस-सव्वीस."

"अन् तुये आबा दवाखान्यात होते तवा?"

"तवा बी एवढंच. जमीन काय सरकते काय आजी. सिंगापूरवरून तवाही विमानं होतेच."

प्रयागबाईंनी जुडीला गाठ मारली. करकचून ओढली. "आता शिरपूर टाकून पाह्य."

"शिरपूरले एअरपोर्ट नाई न आजी."

"म्हणून तुई माय येत होती," प्रयागबाई म्हणाल्या, आणि दुसरी जुडी घेतली.

त्या रात्री जेवताना मुकेशने विषय काढला. शुक्रवारी मंगरूळपीरला वावराच्या विक्रीची रजिस्ट्री. पार्टी अमरावतीची, पक्की. शनिवारी सकाळी नागपूरहून त्याचं परतीचं विमान, तिकीट बदलत नाही, सुट्टी संपते. म्हणजे आईच्या वावराची उरलेली सगळी वर्षं बुधवार ते शुक्रवारच्या मापात बसवून आणली होती.

"मले नाई विकायचं," प्रयागबाई म्हणाल्या.

मुकेश भांडला नाही. भांडायला निदान घरचा माणूस लागतो. तो उठला आणि चुलत्याला घेऊन आला. उकंडराव म्हणजे दौलतरावांचे धाकटे भाऊ. कुठल्याही बैठकीत आधी खुर्ची धरायची आणि मग बाजू, असा त्यांचा स्वभाव. या वेळी त्यांना खुर्चीबरोबर चॉकलेटचा डबाही मिळाला होता.

"वहिनी," ते चॉकलेट चघळत म्हणाले, "लेकरू बारा हजार किलोमीटरवरून आलं. तुमच्या एका सहीसाठी. त्याचं तोंड पाहा."

"पाहून राह्यली भाऊजी. दहा वर्षांनी दिसलं, त पाहूनच राह्यली."

"तुमचं वय झालं. भाजी कवरोक उपटसान?"

"तुमी चॉकलेट कवरोक खासान?"

उकंडराव हसले, पण उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दोनदा आले. मुकेश दर तासाला "आई, प्रॅक्टिकल हो" म्हणे. बबलूने येऊन वावराचा नकाशाच ओसरीवर अंथरला. त्यात विहिरीच्या जागी "गार्डन" लिहिलं होतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत प्रयागबाईंच्या लक्षात आलं, की नाही म्हणून या माणसांपासून सुटका नाही. 'नाही' हा शब्द यांना ऐकूच येत नाही. त्यांना 'हो' होईस्तोवर थांबता येतं तेवढं येतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "येतो मी उद्या."

त्यांना ते म्हणताना पुढचं काही सुचलेलं नव्हतं. छातीत नुसता दगड बसला होता आणि हातात सांबाराची जुडी होती.

शुक्रवारी सकाळी नऊला मुकेश गाडी काढून उभा राहिला. प्रयागबाई आल्या त्या दोन गाठोडी घेऊन. एकात मेथी आणि सांबार, दुसऱ्यात वांगी.

"हे काय?"

"भाजी. मंगरूळला जाऊनच राह्यलो त मंडीत टाकून देऊ."

मुकेशने गाडीच्या आत पाहिलं, सीटकडे पाहिलं, गाठोड्यातून टपकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. "आई, भाड्याची गाडी आहे. कोथिंबिरीचा वास जात नाही. डिपॉझिट कापतात." पूर्वी हा पोरगा सांबारच म्हणायचा. "असं कर, तू लखीरामच्या जीपने ये. मी पुढं जाऊन नंबर लावतो. अठरा किलोमीटर तर आहे. पंचवीस मिनिटं. मी निघालो की तू निघ, माझ्या मागोमाग पोहोचशील."

"मागोमाग येतो," प्रयागबाई म्हणाल्या.

हा मुकेश याच स्टँडवर वाढला होता. याच जीपच्या पायरीवर लोंबकळत मंगरूळपीरच्या कॉलेजात गेला होता. पण बारा हजार किलोमीटर उडून आला की माणूस अंतराला वेगाने भागायला शिकतो, आणि जीपचा वेळ रस्त्यावर जात नाही, स्टँडवर जातो, हे विसरतो. शेलूबाजारच्या जीपला टाइमटेबल नसतं. दहा सीटा असतात. दहावा माणूस बसला की गाडी हलते. नवव्यापर्यंत खुद्द तहसीलदार जरी आत बसला तरी लखीराम किल्लीला हात लावत नाही.

प्रयागबाई साडेनऊला स्टँडवर पोहोचल्या. लखीराम पान लावत होता.

"काकू, मंगरूळ? बसा. चार झाले. सहा आले की निघालोच."

त्या मधल्या सीटवर बसल्या, गाठोडी पायाशी. सव्वादहाला दहा भरले. लखीरामने किल्ली फिरवली, आणि तेवढ्यात एक बाई तापलेलं लेकरू खांद्यावर टाकून पळत आली. दवाखान्यात न्यायचं होतं.

"अकरावी नाई बसत बाई," लखीराम म्हणाला. "मागची गाडी धरा."

मागच्या गाडीत दोनच माणसं होती. प्रयागबाई उतरल्या. "हिले बसव. मी मागच्या गाडीत बसतो."

यात काही बेत नव्हता. लेकराचं डोकं हाताला भट्टीसारखं लागलं म्हणून त्या उतरल्या, एवढंच. पण जीप धूळ उडवत गेली, आणि प्रयागबाईंनी पाहिलं की छातीतला दगड जरासा सरकलाय.

साडेदहाला मुकेशचा फोन. "आई, निघालीस का?"

"गाडीत बसली हाव. तीन झाले. सात आले की निघतेच."

"ठीक आहे. आमच्या पुढं सहा नंबर आहेत. वेळेत येशील."

दुसरी गाडी अकराला भरली. या खेपेला एक कॉलेजचा पोरगा उभा राहिला. त्याची परीक्षा होती. प्रयागबाई उतरल्या. तिसऱ्या गाडीला शिरपूरहून आलेलं एक जैन जोडपं होतं, त्यांना मंगरूळपीरहून पुढची बस धरायची होती. दोघांना सीटा हव्या होत्या आणि एकच शिल्लक. प्रयागबाई उतरल्या. जोडप्याने जाताना हात जोडले. म्हाताऱ्या माणसाने उतरून जागा द्यावी याचं त्यांना फार वाटलं.

बाराला फोन. "आई, कुठपर्यंत आलीस?"

"गाडीतच हाव. आठ झाले. दोनच सीटा राह्यल्या."

मुकेशने तिकडे हिशोब केला. दोन सीटा म्हणजे दहा मिनिटं, वरून पंचवीस. आपण आणायला गेलो तर जाऊन-येऊन तासभर तरी, आणि इकडे नंबर पुकारला तर? त्यापेक्षा थांबलेलं बरं. असा हिशोब त्याने दर अर्ध्या तासाला केला आणि दर वेळी उत्तर थांबण्याचंच आलं. बापाच्या वेळीही त्याने असाच हिशोब केला असणार, प्रयागबाईंना वाटलं. फक्त तेव्हा वाट बघत कोण पडलं होतं, एवढाच फरक.

एक वाजता लखीराम मंगरूळपीरला जाऊन परत आला आणि नंबरात मागे लागला. पाहतो तर काकू गाडीत.

"काकू, तुमी अजून अथीच?"

"सीटाच भरून नाई राह्यल्या."

लखीरामने स्टँडवर नजर टाकली. सकाळपासून पाच गाड्या गच्च भरून गेल्या होत्या. मग त्याने प्रयागबाईंकडे पाहिलं, पायाशी असलेल्या गाठोड्यांकडे पाहिलं. रजिस्ट्रीची बातमी बबलूच्या तोंडून सगळ्या स्टँडला कळली होती. लखीरामने पानाची पिंक टाकली. "व्हय काकू. आजकाल पॅसेंजरच नाई राह्यले. लय मंदी हाय."

मग त्याने पाण्याची बाटली आणून त्यांच्या शेजारी ठेवली.

बसल्या बसल्या भाजीचीही सोय लागली. परीक्षेच्या पोराच्या शेजारची बाई म्हणाली होती, मेथी कशी दिली. मग प्रत्येक गाडीत कुणी ना कुणी विचारलं. ताजी पालेभाजी खिडकीत येऊन बसलेली, वर विकणारी उठून जागाही देणारी. असं गिऱ्हाईक-सुख शेलूबाजारला आधी कुणी दिलं नव्हतं. तीनपर्यंत मेथी-सांबार संपला, चारपर्यंत वांगी.

तीनला मुकेश म्हणाला, "आई, हे काय चाललंय? पार्टी बसून आहे."

"बसून मीही हाय न बाप्पा. सकाळपासून."

"मग निघत का नाही?"

"नऊ झाले. एकच राह्यला."

साडेचारपर्यंत दोनदा नंबर पुकारला गेला आणि पुढच्याचा घेतला. पाचला पार्टीने घड्याळाकडे पाहून चप्पल घातली. तेव्हा कुठे मुकेशला भागाकार सोडून गाडीत बसायचं सुचलं. वीस मिनिटांत तो स्टँडवर होता, म्हणजे अठरा किलोमीटर खरंच वीस मिनिटांचे होते.

प्रयागबाई लखीरामच्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसलेल्या. पायाशी दोन रिकामी फडकी, घडी घातलेली.

"तू दिवसभर इथं बसली होतीस?"

"गाडीतच तं हाव, सांगतच होतो."

"आई, अठरा किलोमीटर आहे मंगरूळ."

"लांब हाय रे," प्रयागबाई म्हणाल्या. "तुले नाई समजणार. तू विमानातला माणूस."

स्टँडवर पाच-सहा माणसं होती. कुणी हसलं नाही. लखीराम गाडीची काच पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती. मुकेश चाव्या बोटावर फिरवत राहिला. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण समोर ज्या जागी दहा वर्षांपूर्वी फ्लेक्स होता तिथे आता मूळव्याधीच्या डॉक्टरची जाहिरात होती आणि तिच्यासमोर मोठं बोलायला जमत नाही.

"सोमवारी उघडेल ऑफिस," तो म्हणाला. "आणि उद्या माझं विमान."

"मंग जा. तिकीट बदलत नाई न."

"मी परत येईन. दोन महिन्यांत."

"ये. किती दिवस लागतात यायले?"

मुकेशने मनात हिशोब मांडला. सव्वीस तास म्हणावं तर बाप मध्ये येऊन पडत होता. चार दिवस म्हणावं तर आपण मंगळवारीच सव्वीस तासांत आलो होतो. सगळ्या मापांतून त्या घडीला वापरता येईल असं एकही उरलेलं नव्हतं.

"पाहू," तो म्हणाला.

प्रयागबाई खाली उतरल्या. सकाळपासून उतरण्याचा सराव झाला होता. त्यांनी जीपच्या सीटचे पैसे लखीरामच्या पुढे धरले.

"गाडी हललीच नाई काकू," लखीराम म्हणाला. "कायचे घेऊ?"

शनिवारी पहाटे पांढरी गाडी गेली. उकंडराव चॉकलेटचा रिकामा डबा घेऊन दुपारी आले. त्यांना तो परत करायचा होता की भरून हवा होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. मेंढी कोठीला चिकटलेलीच आहे, तिचं कुणी काही वाकडं केलेलं नाही.

दोन महिन्यांनी मुकेशचा फोन आला. प्रयागबाई वावरात मेथीला पाणी देत होत्या, वैभवी बांधावर पुस्तक घेऊन बसलेली. पार्टी अजून तयार आहे, तो म्हणाला. तिकीट पाहतोय, मंगळवारी निघालो की बुधवारी संध्याकाळी घरी. फक्त या वेळी तू आधीच मंगरूळपीरला जाऊन थांब. एक दिवस आधी निघ. निघशील ना?

प्रयागबाईंनी पायाने वाफ्याचं तोंड मोकळं केलं. पाणी पुढच्या सरीत शिरलं.

"निघालीच हाव रे," त्या म्हणाल्या. "गाडीत बसली हाव. एकच सीट भरायची हाय."